चौकशी समितीचा तिसरा मेंबर

"सर, मी या कमिटीत बसणार नाही."

हानी साहेबांनी सहीसाठी पुढे केलेलं पेन तसंच हवेत राहिलं. ते आमचे ऑपरेशन्स मॅनेजर, इजिप्तचे. सगळं आयुष्य बंदरात काढलेला माणूस. नकार ऐकायची त्यांना सवय नव्हती. शेजारी एचआरच्या मेघना देशपांडे बसल्या होत्या. त्या पुण्याच्या. त्यांनी लॅपटॉपवरून मान वर केली.

"का?" हानी साहेबांनी विचारलं.

"धर्माचं कारण आहे, सर. मी ख्रिश्चन आहे. दुसऱ्याचा न्याय करायला आम्हाला मनाई आहे."

"हबीबी," पेन खाली ठेवत ते म्हणाले, "स्वर्ग-नरक ठरवायचं काम अल्लाचं. ते मी तुला देतच नाहीये. तू फक्त मशीन बघ आणि काय झालं ते सांग."

"पण त्यावरून एका माणसाची नोकरी जाणार ना?"

"ते मी बघेन."

"म्हणूनच नको, सर."

देशपांडे मॅडमनी मराठीत हळूच विचारलं, "साळवे, नक्की ना? टेक्निकल मेंबर नसेल तर आम्ही दोघंच रिपोर्ट देऊ. तसं नियमात बसतं."

"नक्की," मी म्हणालो. आणि केबिनमधून बाहेर आलो. बाहेर आल्यावर मला चक्क बरं वाटलं. आपण काहीतरी धैर्याचं केलं असं वाटलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझं धैर्य फारसं नव्हतं.

मी मनोहर साळवे. मूळ नगर जिल्ह्यातला. खोर फक्कानच्या बंदरावर एका कंपनीच्या कंटेनर यार्डात क्रेनच्या मेंटेनन्सचा इन्चार्ज आहे. राहायला शारजात, अल नहदाला. रोज डोंगरातल्या बोगद्यांमधून सव्वा तास गाडी चालवून जायचं आणि तसंच परत यायचं. या नोकरीत सतरा वर्षं झाली.

यार्डातल्या क्रेन कशा असतात ते सांगतो. मोठ्या फाटकासारखा सांगाडा, खाली रबरी चाकं. वर काचेची केबिन, त्यात ऑपरेटर बसतो. केबिनजवळून दोरांना एक लोखंडी चौकट लटकते, तिला स्प्रेडर म्हणतात. ट्रेलर क्रेनखाली येऊन उभा राहतो. स्प्रेडर कंटेनरच्या चार कोपऱ्यांत बसतो आणि कंटेनर उचलतो.

पण तो कंटेनर ट्रेलरलाही चार कोपऱ्यांत खिट्ट्यांनी बांधलेला असतो. रस्त्यात पडू नये म्हणून. या फिरणाऱ्या खिट्टीला ट्विस्टलॉक म्हणतात. क्रेनखाली येण्याआधी ड्रायव्हरने उतरून चारही लॉक उघडायचे असतात. एक जरी बंद राहिला तर कंटेनरबरोबर अख्खा ट्रेलर वर जातो, ड्रायव्हरसकट. म्हणून ऑपरेटरलाही नियम आहे. कंटेनर फूटभर उचलायचा, थांबायचं, खाली बघायचं, मगच वर घ्यायचा.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला हेच घडलं. मागचा डावा लॉक बंद होता. ट्रेलर तिरका होऊन वर गेला. माणसाच्या उंचीइतका वर गेल्यावर लॉक तुटला आणि ट्रेलर खाली आदळला. ड्रायव्हरचं नाव गुल जमान, पेशावरकडचा. त्याच्या कमरेच्या मणक्याला चीर गेली आणि कपाळ फुटलं. क्रेनवर होते हसन परकार.

हसनभाई रत्नागिरीकडचे. वय चोपन्न. आमच्या यार्डातले सगळ्यात जुने ऑपरेटर. तोपर्यंत एकही अपघात नावावर नाही. पण सीसीटीव्हीत कंटेनर न थांबता वर जाताना दिसत होता. निदान तसं वाटत होतं, कारण मध्ये दुसरी क्रेन आडवी आली होती. हसनभाईंना लगेच क्रेनवरून उतरवलं. पोलीस येऊन पंचनामा करून गेले आणि कंपनीकडे टेक्निकल रिपोर्ट मागितला. क्लायंटलाही रिपोर्ट हवा होता. हानी साहेबांना हे सगळं आठवड्याभरात खलास करायचं होतं. आणि आठवड्याभरात खलास करायचं म्हणजे ऑपरेटरला काढायचं, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं.

मी नाही का म्हणालो, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

माझे वडील गावात शाळामास्तर होते. गावात तंटामुक्ती समिती झाली तेव्हा लोकांनी त्यांना अध्यक्ष व्हायची गळ घातली. पप्पांनी हात जोडले. म्हणाले, "मी कोणाला बरं-वाईट ठरवणारा कोण? प्रभूने ते काम माझ्याकडे दिलेलं नाही." लोकांनी त्याबद्दल त्यांना मान दिला. मी तेव्हा नोकरीला नुकता लागलो होतो. माझ्या मनावर ते कोरलं गेलं. पुढे सोसायटीच्या कमिटीपासून ऑफिसच्या प्रत्येक चौकशीपर्यंत सगळीकडे मी हेच उत्तर दिलं. लोक म्हणायचे, साळवे सरळ माणूस आहे. मला ते ऐकायला आवडायचं.

त्या शुक्रवारी शारजात आमची मराठी उपासना होती. उपासनेनंतर आवारात चहा घेताना मी थोरात काकांना हे सगळं सांगितलं. थोरात काका आमच्या मंडळीतले वडील. वडील म्हणजे चर्चची जबाबदारी घेणारे ज्येष्ठ. अकाउंट्समधून रिटायर झालेले, मुलाकडे राहतात.

"बरं केलंस," ते म्हणाले. "आपण इथे पाहुणे आहोत, मनोहर. या देशातही आणि या जगातही. कायदा पाळायचा, काम करायचं, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करायची. कोर्ट, चौकश्या, निवाडे हे ज्यांचं त्यांनी करावं. त्यात हात घातला की हात मळतो."

"तेच म्हणतो मी, काका."

"त्या ड्रायव्हरसाठी प्रार्थना कर. आणि त्या ऑपरेटरसाठीही कर."

मी केली. मनापासून केली. घरी येताना गाडीत रूथला, म्हणजे बायकोला, काकांचं म्हणणं सांगितलं. रूथ अल नहदातल्याच एका क्लिनिकमध्ये नर्स आहे. तिने आरसा नीट केला.

मग म्हणाली, "माझ्याकडे रोज पन्नास माणसं येतात. मी त्यांचा ताप बघते, बीपी बघते, कागदावर लिहिते. तो न्याय झाला का?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं? अंगात ताप आहे असं लिहिलं म्हणजे माणूस वाईट आहे असं मी म्हणते का? आणि मी म्हणाले, की बाई मी कोणाचा ताप मोजणार नाही, तर पेशंट बरा होईल का?"

मागच्या सीटवरून आमची मुलगी म्हणाली, "अँड पप्पा, यू जज माय रूम एव्हरी सिंगल डे."

रूथ हसली. मी नाही हसलो. मला राग आला होता, आणि राग आला याचाच जास्त राग आला होता.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, दाराची बेल वाजली. दारात हसनभाई. खोर फक्कानहून बस बदलत आले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात खजुराचा डबा. आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते.

"सलाम," रूथ म्हणाली. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती लोकांतही एकमेकांना सलामच म्हणतात. हसनभाईंना ते माहीत नसावं. ते जरा चमकले, मग त्यांनी हसून सलाम घेतला.

चहा झाला. त्यांनी आडवळण घेतलं नाही.

"साळवे साहेब, तुम्ही कमिटीत बसायला नाही म्हणालात असं ऐकलं."

"हो. हसनभाई, तुमच्यावर राग नाही माझा. माझ्या धर्मात..."

"ऐकलं तेपण. चांगली गोष्ट आहे. आमच्यातही म्हणतात, खरा निकाल वरचाच." ते थांबले. "पण मग खालचा निकाल कोण देणार? हानी साहेब कधी क्रेनवर चढलेले नाहीत. देशपांडे मॅडम चांगल्या आहेत, पण त्यांना ग्राफ वाचता येत नाही. तुम्ही नाही बसलात म्हणून निकाल काय थांबणार नाही. तो माझ्याबद्दल काहीच न बघता लागणार."

मी रिकामा कप बाजूला ठेवला.

"मी निर्दोष आहे असं लिहा, असं सांगायला आलो नाही मी," ते पुढे म्हणाले. "खरं सांगू? मी थांबलो होतो की नाही, मला आठवतच नाही. पंचवीस वर्षं हात आपोआप चालतात. कालपण विचार केला, आजपण केला. एकदा वाटतं थांबलो होतो, एकदा वाटतं नाही. डोळे मिटले की तो ट्रक वर येताना दिसतो. गुल जमानला हॉस्पिटलात भेटायला गेलो, तर तोच म्हणाला, चाचा, फिकर मत करो. आता मी काय करू? मला पण कळायला पाहिजे ना, की माझ्या हाताने काय झालं."

रूथ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.  

मला तोपर्यंत वाटत होतं, की मी न बसणं म्हणजे कोणाच्या बाजूने नसणं. समोर बसलेल्या माणसाकडे बघून कळलं, की माझं न बसणंही एका बाजूला पडतंच. आणि ती बाजू त्याची नव्हती. दुसरी एक गोष्टही मनात आली, ती जास्त टोचली. माझ्या नकारात श्रद्धा किती होती आणि कटकट नको हा भाग किती होता? आजही मला त्याचं प्रमाण सांगता येत नाही.

"सोमवारी लॉग काढतो," मी म्हणालो. "पण जे निघेल ते लिहीन, हसनभाई. तुमच्या विरुद्ध निघालं तरी."

"इन्शाल्ला," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसले.

सोमवारी सकाळी मी हानी साहेबांना होकार कळवला. त्यांनी कारण विचारलं नाही. नुसतं "यल्ला", म्हणजे चल, म्हणाले. मी लॅपटॉप घेऊन त्या क्रेनवर चढलो.

प्रत्येक क्रेनमध्ये एक डेटा लॉगर असतो. विमानातल्या ब्लॅक बॉक्ससारखा. कंटेनर किती उंचीवर होता, किती वेगाने वर जात होता, हे तो सतत नोंदवत असतो. त्याचा ग्राफ निघतो. ऑपरेटर मध्ये थांबला असेल तर रेषा थोडी वर जाते, सपाट होते, मग पुन्हा वर जाते. पायरी दिसते.

त्या दिवशीच्या ग्राफमध्ये पायरी नव्हती. रेषा जमिनीपासून सरळ वर गेली होती. हसनभाई थांबले नव्हते. मी त्या आधीच्या वीस लिफ्टही काढून बघितल्या. बहुतेकांमध्ये पायरी होती, चार-पाचांत नव्हती.

मला वाईट वाटलं. पण काम सोपं झालं असंही वाटलं. रिपोर्टचं पहिलं वाक्य मनात तयारही झालं.

मग नेहमीच्या सवयीने मी पुढचा प्रश्न विचारला. ऑपरेटर थांबला नाही, ठीक. पण मग क्रेन का थांबली नाही?

या क्रेनवर एक सेन्सर असतो. ट्रेलरच्या चाकांच्या उंचीवर तो लेझरचा किरण सोडतो. कंटेनरबरोबर ट्रेलर उठायला लागला की सेन्सरला ते दिसतं आणि तो क्रेन आपोआप बंद पाडतो. ड्रायव्हर चुकला, ऑपरेटर चुकला, तरी हा तिसरा पहारेकरी जागा असतो. तो त्या दिवशी झोपला होता का? मी लॉगमध्ये त्याचा कोड शोधला. कोडपुढे एक शब्द होता. बायपास.

बायपास म्हणजे सेन्सर मुद्दाम बंद करून ठेवलेला. त्यासाठी इलेक्ट्रिकल कपाटात एक किल्ली असते. ती फिरवायची तर फॉर्म भरावा लागतो. कारण काय, किती दिवसांसाठी, आणि खाली मेंटेनन्स इन्चार्जची सही.

मेंटेनन्स इन्चार्ज मी.

मी खाली उतरलो, ऑफिसात आलो, फाइल काढली. फॉर्म सात आठवड्यांपूर्वीचा होता. ऑगस्टमधला. तेव्हा खोर फक्कानला इतका दमट उकाडा असतो, की चष्म्यावर वाफ धरते. सेन्सरच्या काचेवरही धरत होती आणि क्रेन विनाकारण बंद पडत होती. धक्क्यावर जहाज उभं, ऑपरेशन्सचे फोनवर फोन. तेव्हा मी तीन दिवसांच्या बायपासवर सही केली होती. काचेसाठी हीटर असलेलं कव्हर मागवलं होतं. कव्हर आठवड्यात आलं. ते स्टोअरमध्ये पडून होतं, पॅकिंगही फोडलेलं नव्हतं. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका क्रेनची मोटर जळाली, सगळे तिकडे लागलो, आणि हे राहून गेलं. बायपास चालू असल्याचा दिवा होता, पण तो कपाटाच्या आत. वर केबिनमध्ये बसलेल्या हसनभाईंना तो दिसायचा काही मार्गच नव्हता. त्यांच्या हिशेबाने सेन्सर जागा होता.

फॉर्मवरची सही स्वच्छ होती. माझी सही नेहमीच स्वच्छ असते.

मी किती वेळ बसलो होतो माहीत नाही. चहा आणलेला माणूस कप ठेवून गेला, तो थंड झाला. ती फाइल फक्त आमच्या डिपार्टमेंटमध्ये असते. लॉगमधला तो कोड वाचता येणारी माणसं यार्डात दोन, आणि दुसरा माझाच असिस्टंट. "सेन्सरने ट्रेलर ओळखला नाही" असं लिहिलं असतं तर ते खोटंही म्हणता आलं नसतं. मी असं लिहायचा विचार केला नाही असं म्हणालो, तर मात्र ते खोटं होईल. मी केला. वाक्य टाईपही केलं.

मग हसनभाई आठवले, खजुराचा डबा मांडीवर धरून बसलेले. त्यांना आपल्या हाताने काय झालं ते कळायला हवं होतं. मला तर माझ्या हाताने काय झालं ते कळलेलं होतं. मी वाक्य पुसलं, फाइल उचलली आणि हानी साहेबांच्या केबिनकडे निघालो.

"सर, मी कमिटीतून बाहेर पडतो."

"परत?" ते ओरडले. "आता कुठला धर्म?"

मी फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी वाचला. तारीख बघितली. परत वाचला. मग दार लावून घेतलं.

"हे अजून कोणी बघितलं?"

"नाही."

"म्हणजे तुला कळतंय ना, तू काय घेऊन आलास ते? रिपोर्ट पोलिसांकडे जाणार आहे."

"कळतंय, सर."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. ऑगस्टमध्ये फोन करणाऱ्यांत तेही होते. ते आम्हा दोघांनाही आठवत होतं.

शेवटी म्हणाले, "मेघनाला बोलाव."

देशपांडे मॅडमनी फॉर्म वाचला आणि मराठीतच विचारलं, "हे लेखी द्याल, साळवे?"

"देतो."

"नोकरी जाऊ शकते. तुमची मुलगी दहावीला आहे ना?"

"हो."

"मग आज घरी जा, रूथशी बोला आणि उद्या सकाळी द्या. रात्रीत कोणी फॉर्म खाणार नाही."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी दिलं. रूथने स्टेटमेंट वाचून एकच दुरुस्ती केली होती. मी लिहिलं होतं, "बायपास काढायचा राहून गेला." तिने ते खोडून लिहिलं, "बायपास मी काढला नाही."

माझ्या जागी कंपनीच्या दुबई ऑफिसातला एक इंजिनिअर कमिटीत आला. सुनावणी झाली ती मीटिंग रूममध्ये, लांब टेबलाभोवती. गुल जमान हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉलवर होता, कपाळावर पट्टी. तो आपणहून म्हणाला, "पिछला लॉक मैंने हाथ लगाके देखा नहीं. तीन खोले, चौथा खुला समझा. जल्दी थी."

मग हसनभाईंना ग्राफ दाखवला. दुबईच्या इंजिनिअरने रेषेवर बोट फिरवून समजावलं. हसनभाई चष्मा लावून जवळून बघत राहिले.

"म्हणजे मी थांबलो नव्हतो," ते म्हणाले.

दुबईच्या इंजिनिअरने होकारार्थी मान हलवली.

"बरं झालं, कळलं." त्यांनी चष्मा काढला. "आता निदान झोप लागेल."

मग माझी पाळी. मी फॉर्म वाचून दाखवला. सही माझी, मुदत तीन दिवस, लोटले सात आठवडे. वाचताना मी समोर बघत नव्हतो. वाचून झाल्यावर बघितलं, तर हसनभाई माझ्याकडेच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. क्रेनवर एखादा पार्ट बदलून झाल्यावर ते खाली उभे राहून जसं बघायचे, तसं बघत होते. चालतंय का, असं.

त्याच आठवड्यात पोलिसांनी जबाबासाठी बोलावलं. सतरा वर्षांत मी या देशात पोलीस स्टेशनची पायरी चढलो नव्हतो. मी हिंदीत सांगत होतो, अनुवादक अरबीत करत होता, समोर एक तरुण ऑफिसर टाईप करत होता. मध्येच त्याने थांबून काहीतरी विचारलं.

अनुवादक म्हणाला, "पूछ रहे हैं, ये सब बोलने के लिए आपको किसीने कहा है क्या?"

"नहीं. मैं खुद बोल रहा हूँ."

ऑफिसरने माझ्याकडे नीट बघितलं आणि पुढे टाईप करू लागला. त्याने मला चांगला म्हटलं नाही, वाईट म्हटलं नाही. त्याला फक्त तारीख आणि वेळ बरोबर हवी होती, ती त्याने तीनदा विचारली. माझ्या मनात इतकी वर्षं निवाडा म्हणजे कोणीतरी उंचावर बसून माणसाचं माप काढतो असं चित्र होतं. इथे एक माणूस शांतपणे घडलेली गोष्ट क्रमाने लावत होता. मला ते प्रार्थनेपासून फार लांबचं वाटलं नाही.

निकाल महिन्याभरात लागला. पोलिसांकडे केस निष्काळजीपणाची धरली गेली, पण एका माणसावर टाकली गेली नाही. कंपनीकडून हसनभाईंना लेखी ताकीद आणि सहा आठवडे पुन्हा ट्रेनिंग. नोकरी राहिली. डिसेंबरात ते परत क्रेनवर चढले. मला फायनल वॉर्निंग मिळाली, म्हणजे पुढची चूक शेवटची. सीनियर मॅनेजरसाठी माझं नाव होतं, ते मागे घेतलं. वर्षभर बायपासवर सही करायचा अधिकारही काढून घेतला. हे सगळं रास्त होतं. घरी आम्ही दोन दिवस गप्प गप्प होतो, मग रूथने बिर्याणी केली आणि विषय संपला. गुल जमानला कमरेचा पट्टा चार महिने होता. आता तो गेटवर कागद तपासायच्या कामावर आहे. ड्रायव्हिंगपेक्षा हे बरं, असं म्हणतो. खरंच तसं वाटतं, की आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणतो, मला कळत नाही.

यार्डातही बदल झाले. बायपास चालू असेल तर आता ऑपरेटरच्या केबिनमधल्या स्क्रीनवर लाल पट्टी येते. मुदत संपली की क्रेन उचलायचंच थांबवते. मेंटेनन्सने कितीही साफ सही केलेली असो. हे डिझाइन दुबईच्या इंजिनिअरने आणि मी मिळून केलं. पट्टी कुठे हवी ते हसनभाईंनी सांगितलं. आम्ही ती वरच्या कोपऱ्यात ठेवली होती. ते म्हणाले, "तिथे कोण बघतंय? मधोमध टाका."

थोरात काकांना मी सगळं सांगितलं. 

"तू स्वतःचं सांगितलंस ते शंभर टक्के बरोबर," ते म्हणाले. "पण दुसऱ्याच्या चौकशीत बसणं मला अजूनही पटत नाही."

"मला पटायला लागलंय, काका."

"मग तू बस. मी तुझ्यासाठी प्रार्थना करेन." आणि मग हसून, "तशी गरज लागेल तुला."

पुढच्या वर्षी देशपांडे मॅडमनी परत पत्र पाठवलं. फोर्कलिफ्टने रॅकला धडक दिली होती, त्याच्या चौकशीसाठी. मी सही केली. तेव्हापासून चार चौकश्यांत बसलो. दोनदा ऑपरेटरची चूक निघाली, एकदा रस्त्याच्या खड्ड्याची, एकदा कोणाचीच नाही. प्रत्येक वेळी आत जाण्याआधी मी एक प्रार्थना करतो आणि एक काम करतो. प्रार्थना ही, की समोरचा माणूस कसा आहे हे मला ठरवायची हाव सुटू नये. आणि काम हे, की या प्रकरणात माझ्या डिपार्टमेंटचे कुठले कागद आहेत ते सगळे मागवून सगळ्यांच्या आधी मीच वाचतो.

इतक्या चौकश्यांमधून एवढंच शिकलो. माणूस चांगला की वाईट हे चौकशीत कळत नाही. लॉक उघडा होता की बंद होता, हे मात्र कळतं. तेवढं नीट लिहिलं तरी पुष्कळ होतं.